भांगेची पैदास, वनस्पति-संप्रेरके आणि अवर्षणसहिष्णुता

१. विषयाची व्याप्ती

पिकांच्या पैदाशीत अवर्षणसहिष्णुतेचा विचार करताना संप्रेरकांकडे बहुधा पाण्याच्या हिशेबाचे कारभारी म्हणून पाहिले जाते. जमिनीतील ओल तुटू लागली की संप्रेरकांचे प्रमाण पालटते, पर्णरंध्रे मिटतात, बाष्पोत्सर्जन मंदावते आणि वनस्पती तग धरते, अशी ही मांडणी आहे. गव्हासारख्या पिकापुरती ती बव्हंशी पुरेशी ठरते. भांग, म्हणजे कॅनाबिस सटायव्हा, या वनस्पतीच्या बाबतीत मात्र ती अपुरी पडते. ज्या संप्रेरकांच्या द्वारे ही वनस्पती पाण्याच्या टंचाईला उत्तर देते, तीच संप्रेरके तिच्या फुलांच्या लिंगावरही प्रभाव पाडतात. त्यामुळे अवर्षणासाठी केलेली निवड ही नकळत लिंगाभिव्यक्तीचीही निवड होण्याचा संभव असतो. या दुहेरी संबंधाचे विवेचन हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

आरंभी नावाचा खुलासा करणे इष्ट आहे. इंग्रजीतील ‘हेम्प’ या शब्दासाठी मराठीत कधी ‘अंबाडी’ तर कधी ‘ताग’ असा शब्द योजला जातो. वस्तुतः अंबाडी ही हिबिस्कस कॅनाबिनस असून जास्वंदीच्या कुलातील आहे, आणि ताग ही क्रोटालारिया जुन्सिया असून शिंबावंत आहे. या दोहोंचा भांगेशी वनस्पतिशास्त्रदृष्ट्या संबंध नाही. वाखासाठी लावली जाणारी भांग, बियांसाठी लावली जाणारी भांग आणि गांजा, चरस ही मादक द्रव्ये देणारी भांग या सर्व एकाच जातीच्या वनस्पती आहेत. त्यांच्यातील भेद पैदाशीने व लागवडीच्या रीतीने पडलेला आहे.

भारतात या वनस्पतीच्या लागवडीवर १९८५ च्या मादक द्रव्यविषयक कायद्याचे नियंत्रण आहे. त्याच कायद्याच्या १४ व्या कलमान्वये वाख, बी किंवा उद्यानविद्येच्या प्रयोजनासाठी लागवडीस परवानगी देण्याचा अधिकार शासनाला आहे. उत्तराखंड राज्याने या तरतुदीच्या आधारे औद्योगिक भांगेची वाट २०१८ मध्ये खुली केली. कुमाऊँ व गढवाल भागांत पावसाच्या पाण्यावर पिकणाऱ्या डोंगरउतारांवर ही वनस्पती पूर्वापार आहे. तिच्या वाखापासून भांगेला नावाचे जाड कापड विणले जाई, आणि तिचे बी आजही चटणीत व भाजीत वापरले जाते. अशा कोरडवाहू प्रदेशात या पिकाला स्थान द्यावयाचे तर अवर्षणसहिष्णुतेचा प्रश्न टाळता येत नाही.

२. अवर्षणाला तोंड देण्याच्या तीन रीती

‘अवर्षणसहिष्णुता’ हा एकच गुण आहे, अशी समजूत करून घेतल्यास पुढील सर्व विचार गोंधळात पडतो. वनस्पती अवर्षणाला तीन निरनिराळ्या रीतींनी तोंड देतात. अवर्षण चुकविणे ही पहिली रीत, त्याचा परिणाम निवारणे ही दुसरी, आणि पेशींतील पाणी खरोखरच कमी झाल्यावर ते सोसणे ही तिसरी.

अवर्षण चुकविणारी वनस्पती ओल संपण्यापूर्वीच आपले जीवनचक्र आटोपते. भांगेत याचे उत्तम उदाहरण म्हणजे रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ यानिशेव्स्की याने १९२४ मध्ये वर्णन केलेला ‘रुडेरालिस’ हा रानटी प्रकार होय. सामान्यतः भांग ही आखूड दिवसांत फुलणारी वनस्पती आहे. दिवसमान ठरावीक मर्यादेखाली उतरल्यावाचून ती फुलत नाही. ज्यांना आज रुडेरालिसचे वाण म्हटले जाते ते दिवसमानाची वाट न पाहता वयोमानाने फुलतात. तथापि ही झाडे बुटकी व अल्पायुषी असल्याने वाखाचे उत्पन्न त्यांपासून थोडेच मिळते.

निवारणाच्या रीतीत दोन साधने येतात. जमिनीत खोलवर जाणारे सोटमूळ हे पहिले. अनुकूल जमिनीत भांगेची मुळे एक मीटरहूनही खोल उतरतात. पर्णरंध्रे वेळीच मिटविण्याची क्षमता हे दुसरे. सोसण्याच्या रीतीत पेशींमध्ये शर्करा, प्रोलीन इत्यादी विद्राव्य पदार्थ साठवून तर्षणदाब टिकविणे आणि प्रथिने व पेशीपटल यांचे रक्षण करणे यांचा समावेश होतो. या तिन्ही रीतींमागे संप्रेरकांचे नियमन असले तरी प्रत्येकीचे नियमन स्वतंत्र आहे. पैदासकाने आपल्याला कोणती रीत हवी हे ठरविल्यावाचून कोणत्या संप्रेरकाकडे पाहावयाचे हे ठरविता येत नाही.

३. ॲब्सिसिक अम्ल : टंचाईची वर्दी

अवर्षणाच्या संदर्भात सर्वांत महत्त्वाचे संप्रेरक म्हणजे ॲब्सिसिक अम्ल होय. त्याचा शोध मात्र अवर्षणाच्या अभ्यासातून लागलेला नाही. कॅलिफोर्नियात ॲडिकॉट व त्याचे सहकारी कापसाची बोंडे अकाली का गळतात याचा शोध घेत असताना १९६३ मध्ये त्यांना एक द्रव्य स्फटिकरूपात मिळाले. त्याच सुमारास ब्रिटनमध्ये वेअरिंग व त्याचे सहकारी वृक्षांच्या कळ्यांच्या सुप्तावस्थेचा अभ्यास करीत होते. दोघांच्या हाती लागलेले द्रव्य एकच आहे, हे १९६५ मध्ये स्पष्ट झाले आणि १९६७ मध्ये ‘ॲब्सिसिक अम्ल’ हे नाव सर्वमान्य झाले. पानगळीशी जोडलेले हे नाव पुढे काहीसे दिशाभूल करणारे ठरले. कारण या द्रव्याचे प्रमुख कार्य पाण्याशी निगडित आहे, हे लौकरच दिसून आले.

राइट व हिरॉन यांनी १९६९ मध्ये गव्हाची तोडलेली पाने कोमेजू दिली असता त्यांतील ॲब्सिसिक अम्लाचे प्रमाण काही तासांतच अनेक पटींनी वाढल्याचे दाखविले. हे अम्ल पानास दिले असता पर्णरंध्रे मिटतात, हेही त्याच वर्षी सिद्ध झाले. सदैव कोमेजलेल्या राहणाऱ्या ‘फ्लाका’ या टोमॅटोच्या उत्परिवर्तित प्रकारात या अम्लाचा अभाव असतो, आणि ते बाहेरून दिल्यास झाड सुधारते, हे इंबर व ताल यांनी १९७० मध्ये दाखविले. या तीन गोष्टींनी कार्यकारणभाव पुरा झाला.

या अम्लाची निर्मिती कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांपासून होते. नऊ-सिस-इपॉक्सिकॅरोटिनॉइडचे विभाजन करणारे विकर हा या निर्मितीतील नियामक टप्पा असून, अवर्षणाने या विकराचे जनुक त्वरेने कार्यरत होते. विभाजनातून झँथॉक्सिन मिळते व पुढील दोन पायऱ्यांनी ॲब्सिसिक अम्ल तयार होते. टंचाई सरल्यावर दुसऱ्या एका विकरामुळे या अम्लाचे ऑक्सिडीकरण होऊन ते निष्क्रिय होते. पानातील अम्लाचे प्रमाण हे अशा रीतीने जमा-खर्चाची शिल्लक असते. केवळ निर्मिती मोजल्याने ते कळत नाही.

अम्लाचा संदेश पेशी कसा ओळखते, याचे उत्तर मिळण्यास २००९ साल उजाडावे लागले. त्या वर्षी अमेरिकेत कटलर व जर्मनीत ग्रिल यांच्या प्रयोगशाळांनी या अम्लाचे ग्राहक-प्रथिन स्वतंत्रपणे शोधून काढले. अम्ल ग्राहकास जोडले गेले की तो एका फॉस्फेटेज विकरास जखडून ठेवतो. हा फॉस्फेटेज एरवी एका कायनेज विकरास दाबून ठेवीत असतो. त्यामुळे कायनेज मोकळा होतो, रक्षक पेशींच्या पटलावरील ऋणभारित आयनांची द्वारे उघडतो, आयनांमागोमाग पाणी पेशीबाहेर पडते, रक्षक पेशी सैल होतात आणि पर्णरंध्र मिटते. म्हणजे हा संदेश जुळविलेल्या कड्या सोडविण्याच्या तत्त्वावर चालतो. यातील कोणत्याही कडीत आनुवंशिक भेद असला तर एकाच प्रमाणातील अम्लाला दोन वाण भिन्न प्रतिसाद देऊ शकतात. पैदासकाच्या दृष्टीने अम्लाच्या प्रमाणाइतकीच त्याच्याविषयीची संवेदनक्षमता महत्त्वाची ठरते, ती यामुळे.

भांगेतही ही व्यवस्था कार्य करते. चीनमधील ‘युनमा १’ या वाणावर झालेल्या व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अवर्षणाखाली ज्या जनुकांचे कार्य पालटते त्यांत या अम्लाशी संबंधित जनुके आढळली. तथापि जनुकांची अशी यादी म्हणजे निवडीचा निकष नव्हे. जनुकाचे कार्य पालटणे हे टंचाई जाणवल्याचे लक्षण आहे. टंचाई सोसल्याचे ते प्रमाण नाही. दुर्बल वाणातही ती जनुके तितक्याच किंवा अधिक वेगाने कार्यरत होऊ शकतात.

४. मिटलेल्या पर्णरंध्रांची किंमत

ज्या वाणात ॲब्सिसिक अम्ल अधिक, तो वाण अधिक सहिष्णु, असे समीकरण मांडण्याचा मोह होतो. तो आवरणे अगत्याचे आहे. ज्या वाटेने पाणी बाहेर जाते त्याच वाटेने कार्बन डाय-ऑक्साइड आत येतो. पर्णरंध्र मिटले की पाणी वाचते, परंतु प्रकाशसंश्लेषण मंदावते आणि पानाचे तापमानही वाढते. टोमॅटोत अम्लनिर्मितीचे जनुक जादा कार्यक्षम करून पाहिले असता बाष्पोत्सर्जन घटले खरे, पण त्याबरोबर बियांची सुप्तावस्थाही लांबली. भांगेसारख्या बियांपासून वाढविल्या जाणाऱ्या पिकात उगवण लांबणे वा विषम होणे हा मोठा दोष होय.

गव्हाच्या पैदाशीतील एक अनुभव येथे बोधप्रद आहे. ऑस्ट्रेलियात कार्बनच्या जड समस्थानिकाचे प्रमाण मोजून पाण्याचा काटकसरीने वापर करणारे गहू निवडले गेले व त्यांतून २००२ मध्ये ‘ड्राय्सडेल’ हा वाण प्रसृत झाला. जेथे पीक जमिनीत साठलेल्या ओलीवर अवलंबून असते तेथे ही काटकसर लाभते. जेथे पाऊस वाढीच्या काळात मधून मधून पडतो तेथे काटकसरी वाण मागे पडू शकतो, कारण त्याने न वापरलेले पाणी बाष्पीभवनाने वा शेजारच्या तणांमुळे नाहीसे होते. सबब, सहिष्णुता ही वाण व अवर्षणाचा काळ या दोहोंची मिळून होते. भांगेच्या बाबतीत वाखाच्या पिकाला खोड लांबण्याच्या काळातील अवर्षण मारक ठरते, तर बियांच्या पिकाला फुलोऱ्याच्या व दाणे भरण्याच्या काळातील.

५. संप्रेरके व लिंगाभिव्यक्ती

भांग ही द्विभक्तलिंगी वनस्पती आहे; नर व मादी फुले भिन्न झाडांवर येतात. तिच्या पेशींत २० गुणसूत्रे असून मादीत दोन एक्स व नरात एक्स आणि वाय अशी लिंगगुणसूत्रे असतात. तथापि गुणसूत्रांनी ठरविलेले हे लिंग अढळ नाही. ओहायो येथे शॅफ्नर याने १९२० नंतरच्या दशकात दिवसमान पालटून भांगेचे लिंग पालटल्याचे दाखविले होते. संप्रेरकांचा यातील कार्यभाग स्पष्ट करणारे महत्त्वाचे प्रयोग मात्र पुढे भारतात झाले.

दिल्ली विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात मोहन राम व जैस्वाल यांनी १९७० मध्ये नर झाडांना एथिलीन मुक्त करणारे रसायन देऊन त्यांच्यावर मादी फुले आणून दाखविली. त्याच दोघांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात मादी झाडांना गिबरेलिने दिली असता त्यांवर नर फुले येतात आणि सोबत ॲब्सिसिक अम्ल दिल्यास हा परिणाम रोखला जातो, असे दिसून आले. पुढे १९८२ मध्ये मोहन राम व सेट यांनी सिल्व्हर नायट्रेट आणि सिल्व्हर थायोसल्फेट यांच्या योगाने मादी झाडांवर जननक्षम नर फुले आणली. चांदीचे आयन एथिलीनच्या ग्राहकाचे कार्य रोखतात. म्हणजे एथिलीनचा संदेश थांबला की मादी झाड नर फुलांकडे झुकते, हे यातून दिसते.

या प्रयोगांचे व्यावहारिक फलित फार मोठे आहे. मादी झाडावर आणलेल्या नर फुलांच्या परागांत वाय गुणसूत्र असूच शकत नाही. अशा परागांनी दुसऱ्या मादीचे फलन केले असता संतती सर्वस्वी मादी निपजते. गांजाच्या व औषधी उपयोगाच्या लागवडीत निर्बीज मादी फुलोराच हवा असतो. पूर्वी बंगालमधील, आता बांगला देशातील, नौगाव भागात गांजाच्या शेतांतील नर झाडे ओळखून उपटण्यासाठी जाणकार माणसे नेमली जात. आज हे कार्य बियाण्याच्या पैदाशीतच उरकले जाते.

मुळांचाही लिंगाशी संबंध आहे. सोव्हिएत शास्त्रज्ञ चैलाख्यान व ख्रियानिन यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत भांगेच्या रोपांची मुळे छाटली असता बहुसंख्य झाडे नर झाली. मुळे छाटलेल्या रोपांना सायटोकायनीन पुरविले असता बहुसंख्य मादी झाली. मुळे राखून पाने छाटली असता मादीचे प्रमाण वाढले. सायटोकायनीन मुख्यतः मुळांत व गिबरेलीन मुख्यतः पानांत तयार होऊन त्यांच्या तोलावर लिंगाचा कल अवलंबून असतो, अशी उपपत्ती त्यांनी मांडली.

६. दोन कार्यांची गाठ

आता या दोन धाग्यांची गाठ कोठे पडते ते पाहता येईल. अवर्षणाखाली ॲब्सिसिक अम्ल वाढते, मुळांकडून येणारे सायटोकायनीन घटते, गिबरेलिनाची क्रिया बहुधा मंदावते आणि एथिलिनाचे प्रमाण परिस्थितीनुसार पालटते. सायटोकायनिनाची घट इटाई व वाडिया यांनी १९६५ मध्येच सूर्यफुलाच्या मुळांतून स्रवणाऱ्या रसात दाखविली होती. ही चारही संप्रेरके लिंगाभिव्यक्तीत सहभागी आहेत. यास्तव यांपैकी कोणत्या मार्गाने सहिष्णुता साधली जाते यावर लिंगाचा कल कोठे जाईल हे अवलंबून राहील. चारही मार्गांचा स्वतंत्र विचार केल्यास पुढील अनुमाने निघतात.

ॲब्सिसिक अम्लाचा मार्ग या दृष्टीने निर्धोक दिसतो. हे अम्ल गिबरेलिनाच्या नरत्वकारक परिणामाला विरोध करीत असल्याने त्याची संवेदनक्षमता वाढविणारी निवड मादीपण डळमळीत करणार नाही. येथे किंमत मोजावी लागेल ती प्रकाशसंश्लेषणाची व बियांच्या उगवणीची.

सायटोकायनिनाच्या मार्गात दोन्ही हेतू एकत्र येतात. तंबाखूच्या झाडांत टंचाईच्या काळात सायटोकायनीन निर्माण होत राहील अशी योजना केली असता पाने पिवळी पडण्याचे लांबते व झाडे तीव्र अवर्षणातून सावरतात, हे २००७ मध्ये दिसून आले. भांगेत ज्या वाणाची मुळे कोरड्या जमिनीतही कार्यक्षम राहून सायटोकायनीन पुरवीत राहतील, त्या वाणात हिरवेपणा व मादीपण ही दोन्ही टिकतील, असे अनुमान चैलाख्यानच्या प्रयोगांवरून काढता येते. मुळांवर केलेली निवड या पिकात दुहेरी लाभाची आहे, ती या कारणाने.

गिबरेलिनाचा मार्ग पिकाच्या प्रयोजनानुसार बरा वा वाईट ठरतो. गिबरेलिनाची क्रिया कमी असलेली झाडे बुटकी, कमी पानांची व म्हणून कमी पाणी उडविणारी असतात. त्यांचा कलही मादीपणाकडेच राहील. बियांच्या पिकाला हे लाभते. वाखाच्या पिकाचे सारे मूल्य लांब खोडात असल्याने तेथे हा मार्ग आत्मघातकी ठरेल.

खरा विरोध उत्पन्न होतो तो एथिलिनाच्या मार्गात. मक्यात एथिलिनाची संवेदनक्षमता कमी करणारे ‘आर्गोस ८’ हे जनुक संपादनाच्या तंत्राने अधिक कार्यक्षम केले असता फुलोऱ्याच्या काळातील अवर्षणाखाली दाण्यांचे उत्पन्न वाढले, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. मक्याच्या पैदासकाला हा विजय होय. परंतु हीच युक्ती भांगेत जशीच्या तशी उचलली तर काय होईल? एथिलिनाची संवेदनक्षमता कमी करणे म्हणजे चांदीच्या फवाऱ्याचे कार्य काही अंशी झाडाच्या आनुवंशिक घडणीतच घालून ठेवणे होय. अशा वाणाच्या मादी झाडांवर, विशेषतः ताणाच्या काळात, नर फुले येण्याची प्रवृत्ती बळावेल. निर्बीज फुलोऱ्याच्या शेतात अशी थोडी झाडे असली तरी त्यांच्या परागांनी इतर झाडांत बी धरते आणि मालाची प्रत खालावते. मादी फुलोऱ्यात आपोआप नर फुले येण्याचा प्रकार कॅनडातील व्यापारी लागवडीत आढळला असून त्याचे सविस्तर वर्णन २०२० मध्ये प्रसिद्ध झाले आहे.

हे अनुमान पारखण्यास जनुक-संपादनाची आवश्यकता नाही. संग्रहातील निरनिराळ्या मादी वाणांना सिल्व्हर थायोसल्फेटच्या चढत्या मात्रा देऊन कोणता वाण किती थोड्या मात्रेने नर फुले धरतो हे पाहावे, आणि त्याच वाणांची अवर्षणाखालील वागणूक स्वतंत्रपणे मोजावी. ज्यांना थोडी मात्रा पुरते तेच वाण अवर्षणाखालीही उजवे दिसले, तर त्यांचे उजवेपण एथिलिनाच्या मार्गाने आलेले असण्याची शंका घेण्यास जागा राहील.

७. राळद्रव्ये व कायदेशीर मर्यादा

भांगेच्या अवर्षणाशी आणखी एक प्रश्न जोडलेला आहे. अमेरिकेत २०१८ च्या कायद्याने टेट्राहायड्रोकॅनाबिनॉलचे प्रमाण शुष्क वजनाच्या ०.३ टक्क्यांहून अधिक नसलेल्या भांगेलाच औद्योगिक पीक मानले. युरोपीय संघानेही २०२३ पासून आपली मर्यादा ०.२ वरून ०.३ टक्क्यांवर आणली. या रेषेपलीकडे गेलेले पीक शेतकऱ्याला विकता येत नाही. अमेरिकेत तर ते सामान्यतः नष्ट करावे लागते. अवर्षणाने हे प्रमाण वाढत असेल तर कोरडवाहू शेतकऱ्याच्या हातचे पीक निसर्गाच्या फेऱ्याबरोबर कायद्याच्या फेऱ्यातही सापडेल.

या प्रश्नाला दोन बाजू आहेत. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठात फुलोऱ्याच्या सातव्या आठवड्यात सुमारे ११ दिवस पाणी तोडून पानांचे जलविभव उणे १.५ मेगापास्कलपर्यंत उतरविले असता औषधी वाणाच्या फुलोऱ्यातील टेट्राहायड्रोकॅनाबिनॉलिक अम्लाची तीव्रता सुमारे १२ टक्क्यांनी व कॅनाबिडिऑलिक अम्लाची सुमारे १३ टक्क्यांनी वाढल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्ही द्रव्ये जवळजवळ सारख्याच प्रमाणात वाढली, ही यातील लक्षणीय गोष्ट होय. याचे कारण २००३ मध्ये दे मेयर व सहकाऱ्यांनी दाखविलेल्या आनुवंशिक नियमात सापडते. दोन्ही अम्ले कॅनाबिजेरोलिक अम्ल या एकाच पूर्वद्रव्यापासून बनतात, आणि कोणते किती बनावे याचे गुणोत्तर एकाच स्थानावरील आनुवंशिक घटकाने मुख्यतः ठरते. कॉर्नेल विद्यापीठात २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत पाणी तुंबणे, एथिलीन देणारे रसायन, तणनाशक, जखमा व रोग अशा निरनिराळ्या ताणांखालीही हे गुणोत्तर पालटले नाही.

याचा निष्कर्ष असा की, ताण राळद्रव्यांचे एकूण प्रमाण वरखाली करू शकतो, गुणोत्तर नव्हे. ज्या वाणात एकूण कॅनाबिनॉइडे भरपूर आहेत, त्यात गुणोत्तर कितीही अनुकूल असले तरी एकूण वाढीबरोबर टेट्राहायड्रोकॅनाबिनॉलही मर्यादा ओलांडू शकते. वाखाच्या व बियांच्या वाणांत एकूण प्रमाणच अल्प असल्याने हा धोका कमी असतो. कोरडवाहू प्रदेशासाठी वाण निवडताना सुखकालीन मोजणी मर्यादेच्या आत आहे एवढ्यावर समाधान मानू नये. ती मोजणी ताणाखालीही व्हावयास हवी.

८. निवडीचे निकष

वरील विवेचनावरून पैदासकाच्या कार्यपद्धतीविषयी काही गोष्टी निष्पन्न होतात.

पहिली गोष्ट छाटकलमांविषयी. भांग छाटकलमांनी सहज वाढत असल्याने एकाच आनुवंशिक घडणीची झाडे पाण्याखाली व पाण्यावाचून अशा दोन्ही स्थितींत एकाच वेळी तपासता येतात. ही सोय फार थोड्या वर्षायू पिकांत लाभते. तथापि छाटकलमाला सोटमूळ नसते. त्याची मुळे खोडापासून फुटलेली असतात. पर्णरंध्रांची वागणूक व अम्लाचे प्रमाण यांची तुलना छाटकलमांवर करावी, परंतु मुळांच्या खोलीचा निवाडा बियांपासून वाढविलेल्या झाडांवरच व्हावा. कुंडीत वाढविलेल्या छाटकलमावरून शेतातील झाडाच्या सहिष्णुतेचे भाकीत करणे युक्त नव्हे.

दुसरी गोष्ट चांदीच्या फवाऱ्याविषयी. ज्या झाडाला सिल्व्हर थायोसल्फेट दिले आहे त्याच्या फवारलेल्या भागांत एथिलिनाचा संदेश खंडित झालेला असतो. अशा झाडावर अवर्षणाचे कोणतेही मापन करू नये. त्याचा उपयोग परागदाता एवढाच असावा.

तिसरी गोष्ट नर झाडांविषयी. सर्व-मादी बियाण्याच्या पैदाशीत वाय गुणसूत्राची झाडे अभ्यासातून वगळलीच जातात, आणि मादीचे तिच्याच परागांशी वारंवार फलन केल्यास स्वभावतः परपरागित असलेल्या या वनस्पतीत अंतःप्रजननाची हानी दिसू लागते. वाखाच्या व बियांच्या पिकांत नर झाडे शेताचा सुमारे अर्धा भाग व्यापतात, मादींपूर्वी पक्व होतात व पराग सोडून मरतात. संततीला मिळणारे निम्मे गुण त्यांच्याकडून येत असताना अवर्षणाची कसोटी केवळ मादींना लावणे म्हणजे निवडीची निम्मी शक्ती वाया घालविणे होय.

चौथी गोष्ट नोंदीविषयी. अवर्षणाच्या प्रत्येक प्रयोगात उत्पन्न, पर्णरंध्रांची वाहकता व पानांचे जलविभव यांच्या जोडीला विरुद्ध लिंगाच्या फुलांची संख्या आणि टेट्राहायड्रोकॅनाबिनॉलचे प्रमाण यांचीही नोंद व्हावी. या दोन रकान्यांना फारसा खर्च लागत नाही. त्यांच्या अभावी मात्र सहिष्णु म्हणून निवडलेला वाण शेतात गेल्यावर निरुपयोगी ठरण्याचा धोका राहतो.

शेवटची गोष्ट मूळ सामग्रीविषयी. हिमालयाच्या उतारांवर गावोगावी राखलेल्या स्थानिक प्रकारांत आणि रस्त्याकडेला आपोआप उगवणाऱ्या रानभांगेत कोरड्या हंगामांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेली निवड साठलेली आहे. ती निवड निसर्गाने एका संप्रेरकावर न करता बी धरून पुढील पिढी निर्माण करण्याच्या एकूण यशावर केलेली आहे. अवर्षण सोसूनही ज्यांचे लिंग व बीजधारणा बिघडली नाही अशीच झाडे तीत टिकली असणार. प्रयोगशाळेत संप्रेरकांचे मार्ग निरनिराळे करून दाखविता येतात. ते परस्परांशी तडजोड करून एकत्र कसे नांदतात, हे या झाडांत पाहावयास मिळते. कायद्याने दिलेल्या परवानगीच्या कक्षेत राहून या प्रकारांचा पद्धतशीर संग्रह करणे व वरील निकषांनी त्यांची पारख करणे, हे या विषयातील पुढचे कार्य होय.